दहा डॉलरचं डोकं

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर माझा भाचा एक हेल्मेट काखेत मारून आमच्या प्रयोगशाळेत आला. तेव्हा तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता. त्याच्या महाविद्यालयातल्या पंचवीस मुलामुलींनी मिळून एक छोटी, एकाच माणसाला बसता येईल अशी गाडी बांधायला घेतली होती. अशा गाड्यांची ‘बाहा’ नावाची स्पर्धा आपल्या देशात २००७ पासून होते. सुरुवात मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला झाली. गाडी मुलांनीच रचायची, बांधायची आणि खडकाळ रस्त्यावर पळवायचीही. यांच्या गाडीचा चालक हा माझा भाचा.

बरोबर खर्चाची यादी होती. इंजिन, लोखंडी नळ्या, टायर, वेल्डिंग अशी सुरुवात करून शेवटच्या चार ओळींत हेल्मेट, कमरेचे-खांद्याचे पट्टे, आगीपासून वाचवणारा पोशाख, हातमोजे. पैसे यादीच्या वरच्या टोकापासून खर्च होत आले होते आणि शेवटच्या ओळींपर्यंत पोचेस्तोवर संपले होते.

‘‘मावशी, हे आठ हजारात मिळतंय. नवं घ्यायला गेलं तर तीस-पस्तीस हजार. तुझ्याकडे वजन आपटायचं यंत्र आहे ना? एकदा तपासून दे. चांगलं निघालं तर घेऊन टाकतो.’’

आमच्याकडे प्लॅस्टिकच्या नमुन्यांवर आघात करून त्यांची ताकद मोजायचं यंत्र आहे हे खरं. मी म्हणाले, ‘‘तपासून देते की. पण मग ते वापरता येणार नाही.’’

त्याला वाटलं, मावशी चेष्टा करते आहे.

चेष्टा अजिबात नव्हती. नारळ चांगला की वाईट हे हलवून, वाजवून थोडंफार कळतं. दोरीला लटकून पाहता येतं. हेल्मेट चांगलं आहे का, हे कळायला मात्र ते खरोखरीच आपटावं लागतं, आणि एकदा नीट आपटलेलं हेल्मेट हे हेल्मेट राहत नाही. म्हणजे आपण दुकानातून जे घेतो ते ‘तपासलेलं’ हेल्मेट कधीच नसतं. ते तपासून मोडलेल्या हेल्मेटाचं भावंड असतं. मग त्या भावंडावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? पैसे कमी असले की हा प्रश्न जास्तच टोचतो. या प्रश्नाचं उत्तर शोधायला माणसांना जवळजवळ अर्धं शतक लागलं, आणि ते शोधलं ते बऱ्याच अंशी डॉक्टरांनी आणि शर्यतींच्या हौशी मंडळींनी.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स नावाचा शर्यतींचा मार्ग होता. तिथे डॉ. एरिक गार्डनर वैद्यकीय अधिकारी म्हणून काम पाहत. मोटारसायकलस्वार पडले की त्यांच्या डोक्याला मार लागतो हे ते वारंवार बघत होते. त्यांनी कॅनव्हास आणि लाख वापरून एका कारागिराकडून टणक टोप बनवून घेतला. मोटारसायकल संघटनेने आधी नाक मुरडलं, पण शेवटी १९१४ साली आइल ऑफ मॅन बेटावरच्या प्रसिद्ध शर्यतीत हे टोप सक्तीचे केले. त्या वर्षीच्या शर्यतीनंतर बेटावरच्या एका डॉक्टरांनी गार्डनरना गमतीने कळवलं म्हणतात, की दरवर्षी आम्हाला डोक्याच्या दुखापतीचे काही ‘रंजक’ रुग्ण पाहायला मिळतात, यंदा एकही नाही! डॉक्टर लोकांचा विनोद हा असाच असतो.

एवढा पुरावा समोर असून रस्त्यावरच्या माणसाने टोप घातला नाही. शर्यतीतल्या मोटारचालकांपैकीही कितीतरी जण कापडी किंवा कातडी टोपी घालून गाडी चालवत. तिने केस सांभाळले जात, डोकं नव्हे.

१३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला माणूस, मोटारसायकलवरून चालला होता. समोर सायकलवरची दोन मुलं आली, त्यांना वाचवताना तो फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवस बेशुद्ध राहून तो गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे एक मज्जाशल्यचिकित्सक होते, मूळचे ऑस्ट्रेलियातले. हे मरण त्यांच्या मनातून गेलं नाही.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा सैन्यात निरोप्यांचं काम मोटारसायकलस्वार करत. रात्री दिवे बंद, रस्ते काळोखे. केर्न्सनी १९४१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक लेख लिहिला. युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटारसायकलस्वार आणि त्यांच्यामागे बसलेले लोक मेले होते. मृत्यूचं मुख्य कारण डोक्याची दुखापत. टोप घातलेले अपघातग्रस्त केर्न्सना किती सापडले? फक्त सात. सातही जण जगले होते.

सात हा आकडा फार लहान आहे, हे शिक्षकांच्या लगेच ध्यानात येईल. सातावरून नियम सिद्ध होत नाही. तेही केर्न्सना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी त्या सात टोपांचा आणि सात डोक्यांचा बारकाईने अभ्यास करून टोपावर नेमकं कुठे आणि कसं आपटलं होतं ते मांडलं. त्याच वर्षाअखेर ब्रिटिश सैन्याने मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. पुढे काही वर्षं आकडे गोळा करून केर्न्सनी १९४६ साली पुन्हा लेख लिहिला. तोवर मृत्यू कमी झाल्याचं स्पष्ट दिसत होतं.

ऑक्सफर्डमध्ये केर्न्सच्या विभागात होलबर्न नावाचा एक भौतिकशास्त्रज्ञ काम करत होता. त्याने जिलेटिनचा मेंदू तयार केला आणि मेणाच्या कवटीत बसवला. जिलेटिन म्हणजे आपल्या जेलीसारखा पदार्थ. दाबाने त्याचं आकारमान फारसं बदलत नाही, पण त्याचे थर एकमेकांवर सहज सरकतात. मेंदूही तसाच. १९४३ साली होलबर्नने मांडलं, की डोकं एकदम वळलं तर आतले थर एकमेकांवर घसरतात आणि इजा होते. थोडक्यात, कवटी फुटली नाही म्हणून मेंदू वाचला असं समजायचं कारण नाही. वाटीत जेली लावून ती वाटी झटक्यात फिरवून बघा. वाटीला काही होत नाही.

इथे हेल्मेटाचा प्रश्न बदलला. तोवरचे टोप ‘कठीण’ असत. आत कापडी पट्ट्यांची झोळी किंवा कातडं, बुच, नाहीतर मऊ रबर. कठीण कवच फुटू देत नाही, टोकदार दगडाचा मार पसरवतं, हे त्याचं काम महत्त्वाचंच. पण डोकं थांबायला लागणारं अंतर त्यातून मिळत नाही. मऊ रबर हाताला छान लागतं, पण जोराने आपटलं की ते एका क्षणात पूर्ण चेपतं, मग डोकं कवचावर आदळतं, आणि वर रबर डोक्याला उलट उसळवतं.

अंतराचं गणित नववीच्या सूत्रांवर होतं. समजा डोकं १.८ मीटर उंचीवरून, म्हणजे उभ्या माणसाच्या उंचीवरून, जमिनीवर आलं. वेग सेकंदाला सुमारे सहा मीटर, ताशी एकवीस किलोमीटर. हा वेग शून्यावर आणायला २ मिलिमीटर अंतर मिळालं, तर सरासरी ऋण त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ९०० पट होतं (१.८ भागिले ०.००२). अंतर २.५ सेंटिमीटर मिळालं तर तेच ७२ पट. पडण्याची उंची तीच, वेग तोच, डोकं तेच. फरक फक्त थांबायला मिळालेल्या बोटभर जागेचा. प्रत्यक्षात सर्वोच्च त्वरण सरासरीपेक्षा बरंच जास्त असतं, पण तुलना करायला सरासरी पुरे.

ही बोटभर जागा दिली ती अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चार्ल्स लोंबार्ड आणि हर्मन रॉथ यांनी. वैमानिकांच्या डोक्याला किती धक्का सोसतो, हे शोधण्यासाठी लोंबार्ड आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांच्या हेल्मेटांवर लोलकासारखं झुलणारं वजन आपटून पाहिलं होतं. (आज अशा प्रयोगाला कुठलीही समिती परवानगी देणार नाही.) १९५३ मध्ये त्यांना ज्या हेल्मेटाचं पेटंट मिळालं त्यात बाहेर कठीण कवच आणि आत चेपला जाणारा, पण परत न फुगणारा फेसाळ पदार्थाचा थर होता. असा पदार्थ चेपला जाताना आघाताची ऊर्जा खातो. तो परत उसळत नाही, म्हणजे ती ऊर्जा डोक्याला परतही करत नाही. आज बहुतेक हेल्मेटांत जो पदार्थ असतो तो आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे: थर्माकोल. गणपतीच्या मखराचा जो पदार्थ, तोच. फक्त घनता मोजून-मापून ठरवलेली.

वर्गात करून बघण्यासारखा प्रयोग आहे. बोटभर जाड थर्माकोलचा तुकडा जमिनीवर ठेवा. वाण्याकडचं एक किलोचं वजन मीटरभर उंचीवरून त्यावर सोडा. (पाय लांब ठेवा, मुलांचेसुद्धा!) खळगा किती खोल झाला ते पट्टीने मोजा. खळगा एक सेंटिमीटर असेल तर सरासरी ऋण त्वरण गुरुत्वत्वरणाच्या १०० पट. मग तेच वजन त्याच उंचीवरून त्याच खळग्यात पुन्हा सोडा. या वेळी खळगा किती वाढला? दुसऱ्या आघाताला थांबायला अंतर कमी मिळतं, ते का, हे मुलांना सांगावं लागत नाही. मग तुकड्यावर एक पातळ पत्रा ठेवून पुन्हा करा, म्हणजे कवच कशासाठी असतं तेही दिसेल.

भाच्यासमोर हा प्रयोग केला तेव्हा त्याने खळग्यावर बोट फिरवलं आणि मग काखेतल्या हेल्मेटाकडे बघितलं. त्याला शंका आली होती. पण अजून खात्री नव्हती.

चांगलं अस्तर कसं असावं हे कळलं, तरी बाजारात ते कुणाच्या हेल्मेटात आहे हे गिऱ्हाइकाला कसं कळणार? १९५६ साली अमेरिकेत विल्यम स्नेल नावाचा हौशी चालक शर्यतीत गाडी उलटून गेला. मित्र त्याला ‘पीट’ म्हणत. त्याने हेल्मेट घातलेलं होतं. ते त्या काळी चांगलं समजलं जाणारं हेल्मेट होतं, पण त्याने डोकं वाचवलं नाही. पीटचे मित्र, सहचालक आणि डॉ. जॉर्ज स्नायव्हली नावाचा शर्यतींचं वेड असलेला एक डॉक्टर यांनी १९५७ साली त्याच्या नावाने एक विश्वस्त संस्था काढली, स्नेल मेमोरियल फाउंडेशन. बाजारात मिळणारी हेल्मेटं स्नायव्हलींनी आणून आपटून पाहिली होती. बहुतेकांची कामगिरी वाईट होती. किंमत आणि रुबाब यांचा तिच्याशी काही मेळ नव्हता.

मला या गोष्टीतली एक बाब फार आवडते. ही माणसं सरकारकडे गेली नाहीत, कारखानदारांवर खटला भरून थांबली नाहीत. त्यांनी ठरवलं, की आपण स्वतः एक परीक्षा तयार करू, ती जाहीर करू, आणि जे पास होईल त्याच्यावर चिठ्ठी लावू. पहिली परीक्षा १९५९ साली लिहिली गेली. पुढे दर काही वर्षांनी ती कठीण करत नेली. आजही शर्यतीच्या हेल्मेटाच्या आतल्या कापडाखाली चिठ्ठी असते: एसए २०१५, एसए २०२०, एसए २०२५. हा आकडा हेल्मेट कधी बनलं त्याचा नाही, कोणत्या सालची परीक्षा ते पास झालं त्याचा आहे.

परीक्षा म्हणजे काय? धातूचं डोकं हेल्मेटात बसवतात, त्यात त्वरण मोजणारं उपकरण असतं. सुमारे तीन मीटर उंचीवरून ते ऐरणीवर सोडतात, सपाट, गोलाकार आणि इतर आकारांच्या. एकाच जागी पुन्हा सोडतात. आतल्या डोक्याचं सर्वोच्च त्वरण ठरावीक मर्यादेच्या वर जाता कामा नये. अनेक वर्षं ही मर्यादा गुरुत्वत्वरणाच्या ३०० पट होती. हनुवटीचा पट्टा ओढतात, टोकदार वजन पाडून कवच भेदलं जातं का ते पाहतात. मोटारसायकलच्या हेल्मेटाची चिठ्ठी ‘एम’ची, मोटारीच्या शर्यतीची ‘एसए’ची. ‘एसए’मध्ये दोन गोष्टी जास्त असतात: हेल्मेटाला ज्वाला लावून पाहतात, आणि गाडीच्या पिंजऱ्याच्या लोखंडी नळीवर डोकं वारंवार आपटलं तर काय होईल तेही पाहतात. म्हणून रस्त्यावरचं उत्तम हेल्मेटसुद्धा शर्यतीच्या मोटारीत चालत नाही.

‘‘तीन मीटर म्हणजे ताशी सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर. गाड्या तर दोनशेने पळतात!’’ भाच्याच्या मैत्रिणीने हा प्रश्न विचारला, आणि तो योग्यच आहे. उत्तर असं, की डोकं कोणत्या वेगाने कशाला आपटतं ते महत्त्वाचं. गाडीचा वेग नव्हे. गाडीचा बहुतेक वेग गाडीचा चेपणारा पुढचा भाग, पट्टे आणि पिंजरा खातात. उरलेला हेल्मेटाच्या वाट्याला येतो. म्हणूनच एकट्या हेल्मेटावर पैसे घालून पट्टे जुने ठेवण्यात अर्थ नाही.

आता नमुन्याचा प्रश्न. परीक्षेला आणलेलं हेल्मेट उत्तम आणि दुकानात ठेवलेलं हलकं, असं झालं तर? (आपल्याकडे हा विचार पहिल्यांदा मनात येतो, याची लाज वाटून घेण्याचं कारण नाही.) स्नेलवाल्यांनी त्यासाठी सोपा उपाय केला. ते दुकानातून, गिऱ्हाइकासारखी, हेल्मेटं विकत घेतात आणि मोडून पाहतात. भावंडावरचा विश्वास उभा आहे तो यावर. कोणी, कधी, न सांगता मोडून पाहील, या धाकावर.

रस्त्यावरच्या हेल्मेटांचं आपलं मानक आहे आयएस ४१५१. दुचाकीसाठी या मानकाचा शिक्का नसलेलं हेल्मेट भारतात विकायला १ जून २०२१ पासून बंदी आहे. पण खोटा शिक्का छापायला किती खर्च येतो? मी स्वतः विद्यार्थिदशेत पुण्यात रस्त्याच्या कडेला मांडलेल्या ढिगातून एक हेल्मेट घेतलं होतं. शिक्का होता. वर्षभराने आतलं कापड निघालं तेव्हा आत थर्माकोल नव्हता, अर्ध्या बोटाचा स्पंज होता. ते घालून मी रोज पंधरा किलोमीटर जात होते, आणि मला अगदी सुरक्षित वाटत असे.

अमेरिकेत बेल कंपनीची एक जुनी जाहिरात गाजली होती. त्याचा मथितार्थ असा: तुमचं डोकं दहा डॉलरचं असेल, तर दहा डॉलरचं हेल्मेट घ्या. जाहिरात झकास आहे. बेलचं काम मोठं आहे याबद्दलही वाद नाही. रॉय रिक्टर यांच्या या कंपनीने १९५४ मध्ये काचतंतूंच्या कवचाचं हेल्मेट बाजारात आणलं, १९५७ च्या नमुन्यात पॉलिस्टायरिनचं म्हणजे थर्माकोलचं अस्तर आलं. संपूर्ण चेहरा झाकणारं त्यांचं हेल्मेट घालून १९६८ साली डॅन गर्नी शर्यतीत उतरला.

पण या जाहिरातीत एक फसवणूक लपलेली आहे. ‘महाग म्हणजे सुरक्षित’ हे विधान भौतिकशास्त्राला मान्य नाही. ब्रिटनच्या परिवहन खात्याने २००७ मध्ये हेल्मेटांना एक ते पाच तारे द्यायची योजना आणली. ते दुकानातून हेल्मेटं आणून आपटतात आणि निकाल जाहीर करतात. त्यात काही स्वस्त हेल्मेटांना पाच तारे मिळाले आणि त्यांच्या कित्येक पट किमतीच्या काही हेल्मेटांना त्याहून कमी. मग जास्तीचा पैसा जातो कुठे? कार्बनतंतूंच्या हलक्या कवचात, वाऱ्याच्या झरोक्यांत, आतल्या मखमलीत, चित्रांत, आणि कुठल्या विजेत्याने ते घातलं होतं त्यात. यांतला हलकेपणा निरर्थक नाही. पण एकच चिठ्ठी असलेली साधी आणि महागडी हेल्मेटं एकच परीक्षा पास झालेली असतात. साधं काचतंतूंचं हेल्मेट थोडं जड असतं, एवढंच. पैसे कमी असतील तेव्हा चिठ्ठी, माप आणि तारीख यांवर तडजोड नाही, बाकी सगळ्यावर आहे. माप महत्त्वाचं, कारण ढिलं हेल्मेट डोक्याच्या आधी उडून जातं.

हलकेपणा मानेसाठी लागतो. डोकं आणि हेल्मेट मिळून साडेसहा किलो धरलं आणि गाडी समोरून आपटून ऋण त्वरण पन्नास पट झालं, तर पट्ट्यांनी धड धरून ठेवलेलं असताना मानेवर सव्वातीनशे किलो वजनाइतकी ओढ येते. कवटीच्या तळाशी तडा जातो, चेहऱ्यावर ओरखडाही नसतो. १९८१ साली जिम डाउनिंग या अमेरिकन चालकाचा मित्र पॅट्रिक जाक्मार असाच गेला. डाउनिंगचा मेहुणा रॉबर्ट हबर्ड हा जैवयांत्रिकीचा प्राध्यापक. दोघांनी मिळून खांद्यांवर बसणारी आणि हेल्मेटाला दोन पट्ट्यांनी जोडलेली एक खोगीर बनवली. तिचं नाव ‘हान्स’. ती १९८० च्या दशकात तयार होती, पण बहुतेकांनी ती अवजड, अडचणीची म्हणून नाकारली. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेचा लाडका चालक डेल अर्नहार्ट गेला. त्याच वर्षी तिथल्या मोठ्या शर्यतींत मान धरणारं साधन सक्तीचं झालं, फॉर्म्युला वनमध्ये २००३ पासून.

यादीतली पुढची ओळ होती पोशाख. २४ मे १९६४ रोजी शार्लटच्या शर्यतीत ‘फायरबॉल’ रॉबर्ट्स या चालकाची गाडी पेटली. त्या काळी सुती कपडे आगरोधक रसायनात बुडवून वाळवत. रॉबर्ट्सला दमा होता, त्या रसायनांचा त्रास होई, म्हणून तो साधे कपडे घाली. २ जुलैला तो गेला. त्यानंतर काही वर्षांत ड्यूपाँ कंपनीचा नोमेक्स हा धागा चालकांच्या अंगावर आला. तो वितळत नाही; तापला की काळा पडून जाड होतो. शिवाय त्याचा गुण रेणूतच असल्याने धुण्याने जात नाही.

अमेरिकेत पोशाखावरच्या चिठ्ठीचा अर्थ चक्क सेकंदांत सांगता येतो. ३.२ए/१ असं लिहिलेलं असेल तर ज्वाळेत उभं राहिल्यावर कातडीला दुसऱ्या दर्जाचा भाजाव व्हायला सुमारे तीन सेकंद लागतात, ३.२ए/५ असेल तर सुमारे दहा. तीन सेकंदांत पट्टे सोडून बाहेर पडून दाखवा! पण इथे कमी पैशांत एक चांगली गोष्ट करता येते. कापडाइतकंच काम कापडांच्या मधली हवा करते. आपली आजी जुन्या लुगड्यांचे थर घालून गोधडी शिवायची, ती एका जाड घोंगडीपेक्षा ऊबदार का, त्याचं उत्तर तेच. एका थराच्या स्वस्त पोशाखाखाली नोमेक्सचा आतला सदरा-पायजमा घातला, तर थोडक्या खर्चात बहुमोल सेकंद पदरात पडतात. नायलॉनचा बनियन मात्र कधीच नको. तो वितळून कातडीला चिकटतो.

हे सगळं ऐकून मुलांनी यादी नव्याने मांडली. या वेळी शेवटच्या चार ओळी सगळ्यात वर लिहिल्या. बूट आणि हातमोजे आधीच्या तुकडीकडून, कारण ते फाटले आहेत की नाही हे डोळ्यांना दिसतं. पट्टे नवे, कारण त्यांचा धागा उन्हाने कुजतो आणि ते नुसतं बघून कळत नाही; त्यांवर मुदतीची तारीखच छापलेली असते. पोशाख एका थराचा, आत सदरा. पंचवीस जणांचे सारखे टी-शर्ट आणि गाडीवरची चित्रं रद्द. त्यावर बरीच भांडणं झाली असं मागाहून कळलं. हेल्मेट नवं, पांढरं, चिठ्ठीचं, त्या गटातलं सगळ्यात साधं.

राहिलं ते आठ हजारांचं. ते विकणाऱ्या मुलाला यांनी परत दिलं, तेव्हा तोच म्हणाला, तुमच्या मावशींना कापून बघायचं असेल तर बघू द्या. त्याच्याही डोक्यावर ते दोन वर्षं होतं.

लोखंड कापायच्या करवतीने आम्ही ते मधोमध कापलं. वरचा रंग ताजा होता, निळ्या-केशरी ज्वाळा रंगवलेल्या. रंगाखाली कवचात केसाएवढ्या तड्यांचं जाळं होतं. आतल्या थर्माकोलमध्ये, डाव्या कानाच्या वर, साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढी जागा चेपून निम्मी झाली होती. दोन्ही अर्धी आता आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवलेली आहेत. शाळेची मुलं भेटीला येतात तेव्हा बहुतेक जण आधी बाहेरच्या ज्वाळांवर हात फिरवतात.